कॉलेजच्या वेबसाइटवरच्या सर्च बॉक्सचं लॉगिन कुठं ठेवायचं आणि सोर्स कुठले निवडायचे?

ग्रंथपाल_सातारा
नमस्कार मंडळी, मी अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे, संगणकाचं शिक्षण नाही पण कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) स्वतः चालवते. मागच्या वर्षी एकांकडून कॉलेजच्या वेबसाइटवर एक सर्च बॉक्स बसवून घेतला, मागे पाझपार२ नावाचं शोधाचं सॉफ्टवेअर आहे, म्हणजे एकदा शब्द टाकला की आमचा कोहाचा कॅटलॉग, बाहेरच्या लायब्रऱ्यांचे कॅटलॉग आणि विकत घेतलेला एक डेटाबेस असं सगळं एकदम शोधतं. एकूण ११ सोर्स आहेत. बसवून देणारे आता फोन घेत नाहीत.

अडचणी अशा. एक तर डेटाबेसचं युजरनेम-पासवर्ड पेजच्या जावास्क्रिप्टमध्ये उघडं दिसतंय, थर्ड इयरच्या एका मुलानंच मला राइट क्लिक करून दाखवलं, तेव्हापासून झोप नाही. दुसरं, कॉलेजात सगळं चालतं पण मुलं घरून मोबाइलवर बघतात तेव्हा त्या डेटाबेसचं एकही रेकॉर्ड येत नाही. आणि तिसरं, मला सगळ्यात जास्त लागलेलं, म्हणजे मराठीत शोधलं की आमचीच पुस्तकं सापडत नाहीत. शेल्फवर पुस्तक आहे, मी स्वतः एंट्री केलेली आहे, आणि मुलगा म्हणतो मॅडम नाहीये. कुठून सुरुवात करू?

सर्व्हरवाला
मॅडम, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आजच्या आज डेटाबेसवाल्यांकडून तो पासवर्ड बदलून घ्या. जावास्क्रिप्टमधली गोष्ट लपत नाही, कितीही गुंडाळून ठेवली तरी ब्राउझरला दिसते म्हणजे सगळ्यांना दिसते.

नवा पासवर्ड पेजमध्ये टाकायचाच नाही. पाझपार२ मध्ये प्रत्येक सोर्सची सेटिंगची एक्सएमएल फाइल असते, ती सर्व्हरवर राहते, त्यात पीझेड:ऑथेंटिकेशन नावाची सेटिंग आहे, पासवर्ड तिथं जातो. झेड३९.५० चा (लायब्ररी कॅटलॉग एकमेकांत शोधायची जुनी पद्धत) सोर्स असेल तर एक बारीक गोष्ट बघा, नाव आणि पासवर्डमध्ये स्लॅश दिला तर तो एका पद्धतीनं जातो आणि मोकळी जागा सोडली तर दुसऱ्या पद्धतीनं, समोरचा सर्व्हर कुठली मागतो ते त्यांनाच विचारून घ्या. मी यात दोन दिवस घालवलेत, पासवर्ड बरोबर होता, फक्त मधलं चिन्ह चुकलं होतं.

आणि पाझपार२ चा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरचं त्याचं दार, बाहेरून थेट उघडा असेल तर बंद करा. पुढे अपाची हा वेब सर्व्हर ठेवा, त्याच्यामार्फत कॉलेजच्याच डोमेनखाली आणा. ११ पैकी जे सोर्स नको असतील त्यांना पीझेड:अलाऊ शून्य करा, म्हणजे फाइल राहील पण तिकडं शोध जाणार नाही.

इन्फेडकर
घरून का येत नाही त्याबद्दल. तुमचा डेटाबेस बहुतेक आयपीवर (इंटरनेटवरचा पत्ता) चालतोय, म्हणजे कॉलेजच्या पत्त्यावरून आलात तर आत, नाहीतर बाहेर. मुलाच्या मोबाइलचा आयपी कंपनीचा असतो, एका पत्त्यामागे ढीगभर गिऱ्हाईकं असतात, तो नोंदवून काही उपयोग नाही. प्रकाशकाकडे कुठला आयपी दिलाय तेही तपासा, १९२.१६८ नं सुरू होणारा असेल तर तो कॉलेजच्या आतला आहे, बाहेर त्याला अर्थ नाही. असे फॉर्म मी बऱ्याच कॉलेजांचे बघितलेत.

पण मूळ मुद्दा वेगळाय. शोधणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एकच कुलूप लावू नका. पुस्तकाचं किंवा लेखाचं नाव, लेखक, वर्ष एवढी माहिती तुमच्या सर्व्हरनं आपल्या लॉगिननं आणून दाखवायला डेटाबेसवाल्यांची परवानगी आहे का ते करारात बघा, असेल तर शोध सगळ्यांना मोकळा ठेवा. पूर्ण लेख उघडायची लिंक मात्र लॉगिनमधून जाऊ द्या. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं इन्फेड आहे, शिबोलेथ या लॉगिनच्या सॉफ्टवेअरवर चालतं, मुलगा आपल्याच कॉलेजच्या आयडीनं आत जातो. तो डेटाबेस इन्फेडमध्ये नसेल तर ईझीप्रॉक्सीसारखं काहीतरी, जे लॉगिन घेऊन कॉलेजच्या पत्त्यावरून आत नेतं. आणि एन-लिस्टचे (कॉलेजांना ई-पुस्तकं-नियतकालिकं देणारी इन्फ्लिबनेटची योजना) आयडी माणसागणिक दिलेले असतात, त्यातला एखादा सर्च टूलमध्ये कायमचा घालून ठेवू नका, कुणी सुचवलं तरी.

ग्रंथपाल_सातारा
सर्व्हरवाला सर, पासवर्ड बदलला आणि सेटिंगमध्ये टाकला, मोकळी जागा दिल्यावर चालला! इन्फेडकर सर, आमचा आयपी खरंच १९२.१६८ वालाच दिला होता, मग इतके दिवस कॉलेजात चालत होतं ते उघड्या पासवर्डमुळे की काय? आणखी एक, बॉक्स वेबसाइटवर आयफ्रेममध्ये (पेजच्या आत दुसरं पेज) आहे, वेगळ्या सर्व्हरवरून येतो, बसवणाऱ्यांनी "कुठल्या पेजवरून आला" ते बघून आत सोडायची सोय केलेली आहे. ग्रंथालयाच्या पेजचा पूर्ण पत्ता तिथं लिहिलाय. तर काही मशीनवर उघडतं, काहींवर नाही, आयफोनवर तर कुणाचंच नाही.

सर्व्हरवाला
हो, पासवर्डमुळेच चालत असणार, नोंदवलेल्या त्या आयपीचा काही संबंध नसणार.

आयफ्रेमचं सांगतो. २०२० पासून क्रोम दुसऱ्या साइटला जाताना मागच्या पेजचा पूर्ण पत्ता सांगत नाही, फक्त डोमेनपर्यंत सांगतो. तुमच्या नियमात पूर्ण पत्ता असेल तर तो कधी जुळणारच नाही, जिथं चालतंय ते जुने ब्राउझर असणार. शिवाय हे पत्त्याचं खोटं सांगता येतं, पैशाच्या डेटाबेसला एवढ्यावर विसंबू नका. आयफोनचं कारण कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवायला साइट ब्राउझरमध्ये ठेवते ती खूण. सफारीनं त्याच वर्षी दुसऱ्या साइटच्या कुकी सरसकट बंद केल्या, आयफ्रेममधलं लॉगिन त्याला परकं वाटतं. दोन्हीला उपाय एकच, बॉक्स कॉलेजच्याच डोमेनवर आणा, अपाचीचं म्हटलं होतं तेच.

जाता जाता, पाझपार२ चं सेशन सहसा ६० सेकंदांनी मरतं. मुलगा यादी वाचत बसला आणि मग पुढचं पान दाबलं की एरर येते. जावास्क्रिप्टमधून मधूनमधून पिंग, म्हणजे सेशन जागं ठेवणारी हाक, जातोय ना ते बघा.

मोडी_ते_मार्क
मराठीचं मी सांगते, माझा जीव त्यातच आहे.

आधी कोहात सरळ शोधून बघा. तिथंही मिळत नसेल तर झेब्राचं (कोहाचं शोधाचं इंजिन) इंडेक्सिंग बहुतेक आयसीयूवर (सगळ्या लिप्यांचे शब्द हाताळणारी लायब्ररी) नाहीये, देवनागरीला ते लागतं. कोहात मिळतंय आणि बॉक्समध्ये नाही असं असेल तर पाझपार२ च्या कॉन्फिगमधले आयसीयूचे नियम उघडा. आमच्याकडे कुणीतरी फ्रेंच शब्दांवरचे अॅक्सेंट काढायचा नियम कुठूनतरी उचलून टाकला होता. तो नियम देवनागरीत उकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त एवढं सगळं खाऊन टाकतो, काना, वेलांटी आणि ओकार-औकार तेवढे राहतात. पुणे आणि पेण दोन्हीचं "पण" होतं! दोन वेगळी पुस्तकं एकाच ओळीत एकत्र केलेली दिसायची. तो नियम काढला आणि एकत्र झालेली पुस्तकं वेगळी झाली.

मग सोर्स. ११ कशाला? पाझपार२ प्रत्येक सोर्सकडून मुळात १०० रेकॉर्ड आणतं, म्हणजे बाहेरचे दहा जण हजारभर रेकॉर्ड ओततात आणि तुमची सहा पुस्तकं कुठंतरी तळाशी. बायटार्गेट कमांड चालवून कुठला सोर्स किती रेकॉर्ड देतो, कुठला एरर देऊन पडलाय ते आठवडाभर लिहून ठेवा. तुमच्या कोहाला पीझेड:प्रेफर्ड लावा आणि निकाल मागवणाऱ्या शो कमांडमध्ये ब्लॉक=प्रेफर्ड द्या, म्हणजे त्याची वाट बघितली जाईल. बाहेरचे दोन-तीनच ठेवा, बाकीचे हवे त्यानं टिक करून निवडायचे, निवडलेले फिल्टरमध्ये पीझेड:आयडीनं जातात.

अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकं खूप आहेत पण नोंदी मुख्यतः रोमन लिपीत, टिंबं-रेघा देऊन केलेल्या. देवनागरी टाकून तिथं शून्य आलं म्हणजे पुस्तक नाही असं नाही, हे पोरांना बॉक्सखाली लिहूनच द्या.

ग्रंथपाल_सातारा
मॅडम, आमच्यातही तोच नियम होता!! काढला, पाझपार२ रीस्टार्ट केलं, आणि आधी न सापडणारी तीन नावं टाकून बघितली, तिन्ही आली, दाखल क्रमांकासकट. सोर्स आता चार ठेवलेत, आमचा पहिला. डोमेनचं काम वेबसाइटवाल्याकडे दिलंय, सोमवारी करतो म्हणालाय, झालं की आयफोनवर तपासून इथंच लिहिते. डेटाबेसवाल्यांना करारातल्या परवानगीबद्दल मेल टाकलाय, उत्तर येईपर्यंत त्यांचा सोर्स बंद ठेवलाय.