अब्रुनुकसानीसाठी तुरुंग कशाला? दिवाणी दावा पुरे नाही का?

पेठेतला वाचक (धागाकर्ता)

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण अब्रुनुकसानीचं जुनं ४९९-५०० नवा ३५६ नंबर लावून जवळपास तसंच आत येऊन बसलं. दोन वर्षांपर्यंत साधी कैद होतीच. भर पडली ती समाजसेवेच्या शिक्षेच्या पर्यायाची. माझ्या मते हे कलम या निमित्ताने जायलाच हवं होतं.

कुणाची खोटी बदनामी केली तर ते दिवाणी अपकृत्य आहेच. कोर्टात जा, नुकसानभरपाई मागा, पुढे छापू नये म्हणून मनाई मागा. त्यावर पुन्हा फौजदारी कशाला? शिवाय दोन्हीकडचं माप वेगळं. दिवाणीत विधान खरं असल्याचं सिद्ध केलं की सुटलात. फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही, ते बोलणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. म्हणजे खरं बोलणाऱ्याला एक पैसा भरावा लागणार नाही, पण तुरुंगात मात्र जाता येईल. आहे की नाही उफराटा कारभार?

ज्या इंग्रजांनी १८६० साली हे कलम आपल्या गळ्यात बांधलं, त्यांनी स्वतःकडचा हा गुन्हा २००९ च्या कायद्याने मोडीत काढला. श्रीलंकेने तर २००२ मध्येच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामी खटल्यात ते वैध ठरवलं, कारण अब्रू हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. ते मान्य. पण त्यासाठी जेल?

निवृत्त मुख्याध्यापक

साफ असहमत. तुम्ही कायद्याची पुस्तकं वाचून बोलताय, मी भोगून बोलतोय.

शालेय पोषण आहाराचा तांदूळ मी विकतो, असा मेसेज गावच्या ग्रुपवर एकाने टाकला. केंद्रप्रमुख आले, साठा रजिस्टर काढलं, गोणी वजनकाट्यावर चढवल्या, किलोला किलो जुळला. पण तपासणीचा कागद दप्तरात राहतो आणि मेसेज गावभर फिरतो. बायकोला दळण टाकायला गिरणीत जायची चोरी झाली होती. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात दिली, म्हणाले आम्ही परस्पर तपास करू शकत नाही, कोर्टात जा.

दिवाणी दावा लावायचा तर जेवढी भरपाई मागू त्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरा. आणि वसूल कुणाकडून करणार? समोरच्याकडे दोन एकर कोरडवाहू! खाजगी फौजदारी फिर्यादीला किरकोळ स्टॅम्प लागला. समन्स गेल्यावर गडी सरपंचांना घेऊन घरी आला, त्याच ग्रुपवर माफीनामा टाकला, मी फिर्याद काढून घेतली. मला पैसा नकोच होता. हे कलम गरिबाच्या हातातली काठी आहे, ती काढून घेऊ नका.

तालुका कोर्टातला वकील

सरांचं कोर्ट फीबद्दलचं म्हणणं रास्त आहे. त्यात आणखी एक गंमत: आपल्याकडे फीला वरची मर्यादा आहे. त्यामुळे शंभर कोटी मागणाऱ्याला फी टक्क्यांत नगण्य पडते आणि पाच लाख मागणाऱ्याच्या तोंडाला फेस येतो. मुदतीचंही तेच. बदनामीच्या दिवाणी दाव्याला एकच वर्ष. लोक गावकीतल्या बैठकांत वर्ष घालवतात आणि मग फाईल घेऊन माझ्यापुढे बसतात. फौजदारीला तीन वर्षं मिळतात.

पण सर, तुमची काठी बहुतेक वेळा दुसऱ्याच हातात असते. माझ्याकडे या कलमाखाली आरोपी म्हणून येतात ते रेशन दुकानाची तक्रार करणारे, रस्त्याच्या कामाची माहिती मागवणारे. समोर कंत्राटदार असतो. त्याला निकालाची घाई नसते, तारीख हीच शिक्षा. रोजंदारी बुडवून माणूस कॉरिडॉरमध्ये बसतो, पुकारा होतो, फिर्यादी गैरहजर, पुढची तारीख. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (कलम २२३) कोर्टाने फिर्यादीची दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, तेवढाच दिलासा.

जिल्हा बातमीदार

वकीलसाहेबांना +१. पण धागाकर्त्याला दिवाणी दावा म्हणजे गरीब गाय वाटतेय, ते पटलं नाही.

न्या. पी. बी. सावंत यांचा खटला आठवा. २००८ मध्ये टाइम्स नाऊने गाझियाबादच्या भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत, नावात साधर्म्य असलेल्या दुसऱ्या न्यायमूर्तींच्या जागी सावंतांचा फोटो दाखवला. फोटो होता सुमारे पंधरा सेकंद. २०११ मध्ये पुण्याच्या कोर्टाने भरपाई दिली शंभर कोटी! अपील ऐकायचं तर २० कोटी रोख आणि ८० कोटींची बँक हमी भरा, असं उच्च न्यायालय म्हणालं, सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. मोठं चॅनेल होतं म्हणून उभं राहिलं. आमच्या साप्ताहिकाला पन्नास लाखांची नुसती नोटीस आली तरी मालक म्हणतो, बातमी काढ.

निवृत्त मुख्याध्यापक

सावंतसाहेबांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, प्रेस कौन्सिलचा माजी अध्यक्ष, त्याचा चेहरा घोटाळेबाज म्हणून देशभर दाखवायचा आणि चूक कळल्यावरही माफीला दिवस लावायचे? पंधरा सेकंद काय मोजता? बाण सुटायला कितीसा वेळ लागतो!

जिल्हा बातमीदार

चूक होतीच, भरपाईही हवीच. पण शंभर कोटी कुठल्या तराजूत तोलले? अपकृत्याचा कायदा आपल्याकडे संहितेत नाही, निकालांतून घडलेला आहे, त्यामुळे आकडा न्यायाधीशाच्या मनावर. तरी एक कबूल करतो, दिवाणी बाजूला ढाली आहेत. १९९४ च्या ऑटो शंकर निकालाने सरकारी अधिकाऱ्याच्या कामकाजावरच्या लिखाणाला संरक्षण दिलं. खोटं आहे हे माहीत असून किंवा खऱ्याखोट्याची फिकीर न करता लिहिलं असेल तरच तो भरपाई मागू शकतो. २०२४ मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खटला चालण्याआधीच लेख उतरवायला लावू नका, असं खालच्या कोर्टांना बजावलं. फौजदारीत अशी ढाल दाखवा.

उपनगरी

इतका वेळ सगळे तांदूळ आणि कोटींवर बोलताय. पत्रकार प्रिया रमाणींचं नाव कुणी घेतलं नाही. तेव्हाचे केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर फिर्याद केली ती फौजदारी. छळाबद्दल बोलणारी बाई आरोपी म्हणून उभी, आणि ज्याच्याबद्दल बोलली तो फिर्यादी. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं.

निवृत्त मुख्याध्यापक

ताई, सुटल्याच ना? म्हणजे कायद्याने न्यायच केला.

उपनगरी

काका, त्यांच्या पाठीशी नामवंत वकील होते. आमच्या ऑफिसातली मुलगी तेवढ्या तारखा काढेल? ती आधीच तोंड मिटते. असे न झालेले खटले कुठल्या रजिस्टरमध्ये सापडणार?

शंकासुर

थोडं अवांतर: ग्रुपवर दुसऱ्याने काहीबाही टाकलं तर अ‍ॅडमिन आत जातो का? आमच्या सोसायटीत पार्किंगवरून रोज कुणाची ना कुणाची अब्रू जाते आणि अ‍ॅडमिन मी आहे. (ह. घ्या., पण उत्तर द्या.)

तालुका कोर्टातला वकील

नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून नाही. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये तसं सांगितलंय, संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. आता पार्किंगबद्दल तुम्ही स्वतः काय लिहिलंत ते इथे टाकू नका.

पेठेतला वाचक

बातमीदारांचं बरोबर आहे, दिवाणी दावाही धाक घालायला वापरतात. पण तिथे हरलात तर पैसे जातात, माणूस कोठडीत जात नाही. हा गुन्हा जामीनपात्र आहे, तरी गडकरींच्या फिर्यादीत २०१४ मध्ये केजरीवाल दहा हजारांचा जातमुचलका द्यायला नाही म्हणाले आणि थेट तिहारला गेले. २०१८ मध्ये माफी मागून ते प्रकरण मिटलं. जी गोष्ट एका पत्राने मिटते तिच्यासाठी तुरुंगाचं दार उघडायचं?

सर, तुमच्यासारख्यांसाठी छोट्या रकमेच्या दाव्याला नाममात्र फी ठेवा, सहा महिन्यांत निकाल लावा, आणि ज्या ग्रुपवर बदनामी झाली तिथेच खुलासा टाकायला लावायचा अधिकार कोर्टाला द्या. मग कलम ३५६ लागतं कशाला?

निवृत्त मुख्याध्यापक

सहा महिन्यांत? आमच्या तालुक्यात बांधाच्या भांडणातला आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो. तुमचं ते कोर्ट आधी उभं राहू द्या, मग कलम काढा.

पेठेतला वाचक

कलम हाताशी असेपर्यंत ते कोर्ट उभं करायची निकड कुणाला वाटणार? कायदे करणारेच कितीदा तरी फिर्यादी असतात.

निवृत्त मुख्याध्यापक

आणि कलम गेल्यावर वाटेल?