वाळूतलं डांबर नुसतं गाळून चालत नाही का?

हॉटमिक्स_काका:
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोडला एका हॉटमिक्स प्लांटवर सुपरवायझर आहे. पुतण्या पॉलिटेक्निकला केमिकलला आहे, त्याला सेमिनारला विषय आलाय, कॅनडातल्या टार सँडमधून, म्हणजे डांबरमिश्रित वाळूतनं, काढलेल्या बिटुमेनचं (डांबराचं) शुद्धीकरण आणि अपग्रेडिंग. पोरगं सरळ माझ्याकडं आलं, काका तुम्ही डांबरातच असता की, सांगा. आता आपल्याला डांबर म्हणजे टँकर येतो, व्हीजी-३० ग्रेडचं, १५०-१६० अंशाला तापवायचं, खडीत मिसळायचं, एवढंच माहिती. मी म्हणलं वाळूतनं काढलंय म्हणजे वाळू लागलेली असणार, तापवून पातळ करायचं, जाळीतनं गाळायचं, संपला विषय. तर म्हणतोय गंधक पण काढतात, हायड्रोजन पण घालतात. हे कशाला? आणि सरळ रस्त्यावरच का टाकत नाहीत बे ते?

शेंगाचटणी:
काका, तिकडं वाळूतनं डांबर काढतात, आपल्याकडं पहिल्या पावसात डांबरातनं खडी निघते. टेक्नॉलॉजीत आपण पुढं आहोत 😀

रिफायनरीतला_म्हातारा:
सुपरवायझर साहेब, तुमचा टँकर रिफायनरीतून येतो, कच्चं तेल ऊर्ध्वपातन करतात त्या व्हॅक्युम टॉवरच्या तळाचा माल, त्यात वाळू-पाणी काही नसतंच. म्हणून तुम्हाला गाळणं सोपं वाटतं. पुतण्याला आधी हे सांगा की शुद्धीकरण आणि अपग्रेडिंग ही दोन वेगळी कामं आहेत, पोरं सेमिनारमध्ये हमखास एकत्र करतात.

आपल्या जिल्ह्यातलंच बघा. उसाच्या रसातली माती काढायला चुना घालतात, गंधकाचा धूर देतात, मळी बाजूला होते, पण रस निवळला म्हणजे साखर झाली का? तसंच हे. पाणी-माती काढली की बिटुमेन स्वच्छ झालं, ते शुद्धीकरण, पण ते बिटुमेनच राहिलं; त्याचं हलकं तेल करणं म्हणजे अपग्रेडिंग. गंधक त्यात ४ ते ५ टक्के असतं आणि ते खड्यासारखं तरंगत नसतं, कार्बनच्या साखळीतच जोडलेलं असतं, मग जाळी कितीही बारीक लावा, काय अडकणार? आपल्याकडं २०२० पासून डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखात १० भागांच्या) वर चालत नाही आणि ह्यात ४५ हजार पीपीएम, करा हिशोब. वर व्हॅनेडियम, निकेल हे धातू, ते कॅटॅलिस्टवर (रासायनिक क्रिया वाढवणाऱ्या उत्प्रेरकावर) बसले की कॅटॅलिस्ट मेला.

मॅकमरे_ते_माळशिरस:
मी फोर्ट मॅकमरेला काही वर्षं होतो, कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, आथाबास्का नदीच्या काठाला. थंडीत तिथली वाळू दगडासारखी असते आणि उन्हाळ्यात बुटाला चिकटते. १०० किलो वाळूत बिटुमेन १०-१२ किलो, म्हणजे एक बॅरल तेलाला साधारण दोन टन वाळू उकरायची. गरम पाणी आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून घुसळायचं, कार्ल क्लार्क नावाच्या केमिस्टनं १९२० च्या दशकात ही पद्धत बसवली. हवेचे बुडबुडे बिटुमेनला धरून वर येतात, वाळू खाली. पण वर येतो तो फेस, त्यात बिटुमेन ६० टक्के, पाणी ३०, बारीक माती १०. गंमत इथं आहे काका, बिटुमेन आणि पाण्याचं वजन जवळजवळ सारखंच, म्हणून नुसतं ठेवून दिलं तर वेगळं होतच नाही. मग नॅफ्था (पेट्रोलसारखं हलकं तेल) घालून हलकं-पातळ करायचं आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे जोरात फिरणाऱ्या यंत्रात, फिरवायचं. दुसरी रीत म्हणजे पेंटेन-हेक्झेनसारखं पॅराफिन घालायचं, त्यात अस्फाल्टीनचा (बिटुमेनमधल्या सगळ्यात जड भागाचा) काही भाग गुठळ्या होऊन खाली बसतो आणि जाताना पाणी-माती पण ओढून नेतो, माल जास्त स्वच्छ, पण तेवढं बिटुमेन गेलं.

आणि रस्त्यावर टाकून झालंय बरं का, १९१५ साली सिडनी एल्स नावाच्या इंजिनिअरनं एडमंटनमध्ये. पण एवढ्या लांबून वाळू ओढून आणणं परवडेना.

हॉटमिक्स_काका:
थांबा थांबा, पाण्याचं मला कळलं. मागच्या पावसाळ्यात एका पिंपाचं बूच ढिलं राहिलं होतं, पाणी आत गेलं, आमच्या पोरानं न बघता बॉयलरला ओतलं. शंभरच्या वर काटा गेला आणि दूध उतू जातं तसं काळा फेस झाकण उचलून बाहेर. पोरगं मागं सरलं म्हणून वाचलं, चप्पल तिथंच चिकटून राहिली. मग त्यांच्या ३० टक्के पाण्याचं काय होईल!

रिफायनरीतला_म्हातारा:
अगदी तेच. १ लिटर पाण्याची १६०० लिटरच्या आसपास वाफ होते. शिवाय त्या पाण्यात मीठ असतं, टॉवरमध्ये तापलं की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड होऊन लोखंड खातं. म्हणून आधी पाणी काढायचं आणि मगच अपग्रेडर.

आता हायड्रोजन कशाला. बिटुमेनमध्ये हायड्रोजन वजनानं साधारण १० टक्के, डिझेलमध्ये १३ च्या पुढं. हा फरक भरायचे दोन रस्ते, एकतर कार्बन काढून टाका नाहीतर हायड्रोजन घाला. कार्बन काढणं म्हणजे कोकर, ५०० अंशाच्या आसपास तापवलं की मोठे रेणू तुटतात, हलकं तेल वाफ होऊन वर जातं आणि मागं कोळशासारखा कोक राहतो. हायड्रोजन घालणं म्हणजे हायड्रोक्रॅकर, त्याला प्रचंड दाब लागतो, हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवायचा, तो महाग. कोकरचं तेल पण नंतर हायड्रोट्रीटरमधून (हायड्रोजन देऊन गंधक काढायच्या युनिटमधून) न्यावंच लागतं, तिथं गंधक हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन निघतं आणि क्लॉस युनिट नावाच्या पुढच्या युनिटमध्ये त्याचं पुन्हा पिवळं गंधक.

मॅकमरे_ते_माळशिरस:
त्या पिवळ्या गंधकाचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर रचलेत तिथं, लांबून देवळासारखे दिसतात. मला तर बघून आमच्या द्राक्षबागेत भुरी रोगावर मारायची गंधकाची पावडरच आठवायची. पण सेमिनारला एक पान धुतलेल्या पाण्यावर पण टाकायला सांगा, त्यातली बारीक चिकणमाती वर्षानुवर्षं खाली बसत नाही, तळीच्या तळी भरलीत.

शेंगाचटणी:
म्हणजे डांबर धुतलं आणि पाणी घाण केलं.

हॉटमिक्स_काका:
पुतण्या शेजारीच बसून लिहून घेतलालाय. तो विचारतोय, सगळीच बिटुमेन तिथंच अपग्रेड करतात का?

रिफायनरीतला_म्हातारा:
नाही. बरीचशी कंडेन्सेट (नैसर्गिक वायूबरोबर निघणारं हलकं तेल) मिसळून पातळ करतात, साधारण ३० टक्के, त्याला डिलबिट म्हणतात, तशीच पाइपलाइनीनं कोकर असलेल्या रिफायनरीला जाते. सेमिनारमध्ये फक्त एक बघ म्हणावं, पातळ केलं म्हणजे अपग्रेड झालं असं लिहू नकोस, गंधक जिथल्या तिथंच असतं.