मदत हवी आहे: नांदरुकाच्या फांद्या एकजीव होत नाहीत

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहतो. बोन्सायला जाड खोड हवं म्हणून गेल्या पावसाळ्यात नांदरुकाच्या (वड-पिंपळाच्या कुळातलं झाड) पेन्सिलएवढ्या जाडीच्या 11 फांद्या मुळं फुटल्यावर एकत्र बांधल्या. सगळ्या एकाच झाडाच्या, म्हणजे पुढे साल आणि पानं वेगवेगळी दिसायला नकोत. एका बाजूच्या 7 इतक्या सुंदर जुळल्यात की मधल्या रेघाही पुसट झाल्यात. रोज सकाळी तिथं हात फिरवून बघतो.

दुसऱ्या बाजूच्या 4 मात्र नुसत्या टेकून उभ्या आहेत. मधल्या फटीत पाणी साचून साल काळी पडू लागलीय. केबल टाय सालीत रुतत होते म्हणून मी ऑक्टोबरमध्येच काढले. तीच घाई झाली का?

आता पाऊस तोंडावर आलाय. फटीतली साल खरवडून, आतला हिरवा थर एकमेकांना भिडवून ग्राफ्टिंग टेपने पुन्हा आवळू? की शेंडे न छाटता मोकळे वाढू देऊ, म्हणजे फांद्या जाड होऊन आपोआप भिडतील? खरवडलं की चीक फार येतो, तो पुसून बांधायचं की सुकू द्यायचा? आणि काळी साल आधी काढावीच लागेल ना?

गोवा-कोकणच्या दमट हवेत कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. या 4 फांद्या कापून टाकायला जीव होत नाही.