समुद्रकाठी तंबू ठोकू द्यावा की नाही? (रेवदंडा ते गुहागर)

खारा वारा
दत्तजयंतीला निघालो. बायको, बारा वर्षांची मुलगी आणि मी. गाडीत दोन तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन. रेवदंडा, मुरुड, दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, हर्णै, गुहागर. सात रात्री, त्यातल्या पाच तंबूत. मोठ्या खाड्या जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने ओलांडल्या: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे.

माझं म्हणणं असं की ही गावं पहाटे बघायची असतात. दिवसा रेवदंडा म्हणजे कोटाच्या दरवाजातून जाणारा रस्ता आणि एसटीचा हॉर्न. पहाटे कळतं की तटाच्या आत आख्खं गाव वसलंय, नारळी-पोफळीच्या वाड्यांसकट. पोर्तुगीजांच्या सातखणी मनोऱ्यावर ऊन पडतं तेव्हा कुंडलिकेच्या पलीकडे कोर्लईचा डोंगर अजून काळाच असतो. हर्णैला तंबूची चेन उघडली तर समोर सुवर्णदुर्ग. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला एक, आणि त्या घटकेला बघणारे आम्ही तिघेच. एसी खोलीत झोपून साडेनऊला आंबोळी खाऊन बाहेर पडणाऱ्याला हे कधी दिसणार?

तक्रार अशी की दोन ठिकाणी आम्हाला उठवलं. एकदा रात्री दहाला, सगळं लावून झाल्यावर. नियम काय विचारलं तर "इथे चालत नाही", बस्स. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी सुरूच्या बनात दहा तंबूंची जागा आखावी, नळ आणि दोन संडास बांधावेत, पावती फाडावी. हाकलून काय साधतं?

पडवीवाला
दापोली तालुक्यात माझ्या चार खोल्या आहेत, तेव्हा मी स्वार्थी आहे हे आधीच लिहून ठेवा. "येवा, कोकण आपलाच आसा" हे म्हणणारा माणूस पडवीत उभा राहून म्हणतो हो, समुद्राकडे बोट दाखवून नाही. पाणी पुण्याचं, शेगडी पुण्याची, तांदूळसुद्धा पुण्याचा असणार. गावात काय पडलं? जंगलजेटीचं तिकीट!

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. सकाळी पोफळी मोजायच्या होत्या, दुपारनंतर पडलेल्या मोजल्या. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात. तोवर घर चाललं ते या खोल्यांवर. एसी एकाही खोलीत नाही. आणि आमच्याकडे नाश्त्याला घावन असतं, आंबोळी वेगळी.

खारा वारा
घावनाबद्दल माफी. बाकी चूक. दोन्ही वेळचं जेवण आम्ही गावातच घेतलं, हर्णैच्या लिलावात सुरमई घेतली ती एका काकूंनी करून दिली, दोन रात्री घरगुती खोल्यांतच होतो. कचरा पिशवीत भरून परत नेला. दारूच्या बाटल्या वाळूत पुरणारे आणि आम्ही एकाच मापात का?

वाळूतली पावलं
कारण कासविणीला तुमच्यातला आणि त्यांच्यातला फरक कळत नाही.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले माद्या रात्री वर येतात. भरतीच्या रेघेच्या वरची कोरडी वाळू त्यांना लागते, नेमकी तीच तंबूवाल्यांना आवडते. तिथे हातभर खड्डा करून शंभरेक अंडी घालतात. येताना उजेड किंवा हालचाल दिसली की अंडी न घालताच परत फिरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात ती जिकडे जास्त उजळ तिकडे धावतात. समुद्राऐवजी हेडलॅम्पकडे.

वेळासला हे काम २००२ पासून चालू आहे. गावकरी घरटी राखतात, लोक पिल्लं बघायला येतात, राहतात त्यांच्याच घरांत. ओडिशात २०२१ साली पायाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली. अख्ख्या द्वीपकल्पाच्या पलीकडून यायचं आणि समोर काय, तर तुमचा कंदील. माझ्या मते नोव्हेंबर ते मार्च उघड्या वाळूवर एकही तंबू नको. पावतीसह नको आणि पावतीशिवायही नको.

उंटावरचा शहाणा
एप्रिल-मेमध्ये तंबूत माणूस उकडून निघतो, जूनपासून पाऊस. तेव्हा "फक्त नोव्हेंबर ते मार्च नको" याचा अर्थ "कधीच नको". तसं सरळ म्हणा की. आणि त्याच वाळूवर दिवसभर घोडागाडी, उंट, चारचाकी बाइक फिरतात त्यांचं काय? ते गावाला पैसे देतात म्हणून कासविणीला चालतात का?

वाळूतली पावलं
नाही चालत. त्याविरुद्धही भांडतो. तुम्ही नुसता उंट मोजलात, आम्ही घरटी मोजतो.

ओंजळभर पाणी
कासवाचं झालं असेल तर बाईचंही बोलूया. धागाकर्त्यांनी पहाटेचं ऊन लिहिलं, सातखणी मनोरा लिहिला. पहाटे पाचला बायको आणि लेक कुठे गेल्या ते लिहिलं नाही. मी मैत्रिणींबरोबर अशी एक फेरी केली आहे. संध्याकाळी चारनंतर पाणी प्यायचं नाही, ही आमची खरी कोकणयात्रा. शिवाय रात्री एकदोन टॉर्च तंबूवरून फिरून जातात, कोण ते कळत नाही. जागा आखा, नळ द्या, संडास द्या, या मागणीला म्हणूनच माझा पूर्ण पाठिंबा. फक्त "उघड्या निसर्गात" वगैरे म्हणू नका, ते पुरुषांचं आहे.

खारा वारा
बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन रात्री खोलीत कोणाच्या हट्टामुळे काढल्या तेही लिही.

तांडेल
हर्णैला कुठे लावला होता तंबू? बंदराच्या अंगाला असेल तर उठवणारच. ती होड्या वर ओढायची जागा आहे, जाळी तिथेच पसरतात. तुमच्या पुण्याच्या पार्किंगमध्ये मी येऊन झोपलो तर? "इथे चालत नाही" म्हणणाऱ्याला पहाटे होडी ढकलायची होती.

आणि दत्तजयंती म्हणजे पौर्णिमा, उधाणाचं पाणी. पहिल्या रात्री कोरडे राहिलात का?

खारा वारा
विचारलंत म्हणून सांगतो. चौलच्या दत्ताची यात्रा करून उशिरा आलो, ओल्या वाळूची रेघ बघितली, तिच्या वर दहा पावलं तंबू लावला. साडेअकराला मुलीची चप्पल तरंगत निघाली.

तांडेल
भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. अष्टमीला सहा, पण तेव्हा भांगाचं पाणी, एवढं वर येत नाही. घरात कालनिर्णय असेलच की.

ओली रेघ बघायची नसते, वेल बघायची. जांभळी फुलं, आपट्यासारखं दुभंगलेलं पान, वाळूवर सरपटत जाते. तिला मर्यादवेल म्हणतात ते उगाच नाही. तिच्या समुद्राकडच्या अंगाला झोपायचं नाही.

उंटावरचा शहाणा
छान. वेलीच्या पुढे पाणी आणि कासव. वेलीवर तंबू ठोकला तर वेल मरणार, आणि वाळू तिनेच धरलेली आहे. वेलीच्या मागे सुरूचं बन, तिथे वाळक्या सुयांचा वीतभर थर, स्टोव्हची एक ठिणगी पुरे. शिवाय त्याच्या मुळांचा भरवसा किती ते निसर्ग वादळात दिसलंच. मग दहा तंबूंची जागा आखायची कुठे? खारे वारे, नकाशा द्या.

पडवीवाला
नकाशा मी देतो. सुरूच्या मागे गडगा, म्हणजे दगडी कुंपण, गडग्याच्या आत माझी वाडी. पडलेल्या पोफळींची जागा अजून मोकळी आहे, चार तंबू बसतील. संडास-न्हाणी घरामागे. जेवण आमच्याकडे, स्टोव्ह गाडीतच ठेवायचा. बायाबापड्यांना टॉर्च मारायला कोणी येणार नाही, आमचा कुत्रा आहे.

खारा वारा
वाडीतून समुद्र दिसतो?

पडवीवाला
ऐकू येतो. दिसायला गडग्याला कवाडी आहे. पहाटे उघडून देईन.

ओंजळभर पाणी
दर काय? फेब्रुवारीत आम्ही चौघी आहोत.

खारा वारा
सोय चांगली आहे, येईनसुद्धा. पण माझा मुद्दा तिथेच राहतो. वाडी तुमची, तुम्ही बोलावलंत तर येणार, नाही बोलावलंत तर नाही. किनारा कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, मग तिथे माझ्यासाठी नियम लिहिलेली साधी पाटी का नसावी? नको तर नको लिहा. निदान रात्री दहाला कोणी येऊन सांगायला नको.

तांडेल
पाटी आमच्याकडे तीनदा लावली. एकदा वाऱ्याने गेली, दोनदा शेकोटीत.