रांगडा कांद्याच्या माना पडत नाहीत, थंडी वाढलीय. काढायचा की थांबायचं? (निफाड)

कादवाकाठ | १५ जानेवारी

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमचा दोन एकर रांगडा (पावसाळा सरताना लावून थंडीत काढायचा कांदा) आहे. वडिलांचा गुडघा धरल्यामुळे यंदा शेत पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय, म्हणून विचारतोय. लागण ५ ऑक्टोबरची, म्हणजे शंभर दिवस होऊन गेले. कांदा भरलाय, रंगही आलाय, पण पात हिरवीगार उभी आहे. आठवडाभर पहाटे चार-पाच अंशांची थंडी, आणि सकाळी नऊपर्यंत पातीवरून दव ठिबकतंय. मधूनमधून डेंगळेही (फुलाचे दांडे) दिसायला लागलेत.

शेजारच्या दोघांनी काढणी सुरू केली. मजुरांची टोळी सोमवारी मोकळी आहे, त्यानंतर दहा-बारा दिवस मिळणार नाही. वडील म्हणतात, "मान बघ, शेजारी बघू नको." मला दोन गोष्टी कळत नाहीत. थंडीत माना आपोआप पडतात का? आणि काढलेला कांदा मार्चअखेरपर्यंत कांदाचाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) ठेवला तर चालेल का?

चांदवडकर | १५ जानेवारी

भाऊ, वडिलांचं ऐका.

मान का पडते ते आधी समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. कांद्याला नवी पात येते ती मानेच्या आतून. पात येत राहते तोवर मान भरीव आणि उभी राहते. कांदा पक्व झाला की नवी पात थांबते, मान आतून पोकळ आणि मऊ होते आणि वरच्या पातीच्या वजनाने आडवी पडते. उन्हाळ कांद्याला (हिवाळ्यात लावून उन्हाळ्यात काढायच्या) मार्च-एप्रिलमध्ये दिवस मोठा आणि ऊन कडक मिळतं, म्हणून निम्म्या माना पडल्या की काढणीला लागा, हा साधा नियम त्याला लागू पडतो. रांगड्याचं तसं नाही. तो पोसतो लहान दिवसांत आणि थंडीत. कांदा तयार झाला तरी पात हिरवी राहते. माना आपणहून पडतील म्हणून वाट बघत बसलात तर जोड कांदा आणि डेंगळे वाढतील.

मग ओळखायचं कसं? वाफ्यात पाच-सहा ठिकाणी जा, कडेच्या सऱ्या सोडून. मान चिमटीत धरून दाबा. बोटांना आत काही कडक लागत नसेल आणि मान सहज चेपत असेल तर तो कांदा झाला. कणसाच्या देठासारखी टणक लागली तर नाही. उपटून उभाही चिरून बघा. मानेत हिरवट-पांढरी नवी पात दिसली तर अजून आठ दिवस तरी सोडा.

पाणी आजच तोडा. काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी बंद हवं. तुमची जमीन नदीकाठची काळी असेल तर पंधरा धरा, ओल लवकर जात नाही. माझ्या अंदाजाने ११० ते ११५ दिवसांवर तुमचा कांदा बरोबर येईल. सोमवारची टोळी सोडून द्या. जड जाईल, कळतंय मला. पण कच्च्या मानेचा कांदा वजनात भरतो आणि गोणीत सडतो.

बागलाणची लेक | १५ जानेवारी

आमच्याकडे सटाण्याला रांगड्यावर रिकामा ड्रम फिरवतात, काढणीच्या दोन-तीन दिवस आधी. दोनशे लिटरचा, आत पाणी नाही, काही नाही. दोन माणसं वाफ्यातून लोटत नेतात, माना मोडतात. त्यानंतर पातीतला रस कांद्यात उतरतो आणि मान सुकायला लागते. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचीही खरीप आणि रांगडा कांद्याला हीच शिफारस आहे.

चांदवडकर | १६ जानेवारी

ताई, ड्रमला माझा विरोध नाही. फक्त मान मऊ झाल्यावरच फिरवावा. एका वर्षी मी घाईने टणक मानेवर ड्रम फिरवला. माना मोडण्याऐवजी चिरडल्या, वरून तीन दिवस धुई. त्या जखमांतून कूज आत शिरली आणि निम्मी ट्रॉली खाद म्हणून गेली. तेव्हापासून आधी चिमटीची परीक्षा, मग ड्रम.

बागलाणची लेक | १६ जानेवारी

हे पटलं. आम्हीही आभाळ असेल तर फिरवत नाही, हे लिहायचं राहिलं.

आणि कादवाकाठ दादा, काढणीबद्दल थोडं. पहाटेच्या दवात बायकांना वाफ्यात उतरवू नका. दहा-साडेदहाला पात कोरडी झाली की सुरुवात करा. ओल्या पातीसकट कांदा पसरला की मान सुकत नाही, वरची पत्ती म्हणजे सालपट काळवंडते. उपटताना ओढून मान तुटत असेल तर खुरप्याने बाजूने माती सैल करून घ्या, कांद्याला टोक लागू देऊ नका. उपटलेला कांदा ढीग न करता ओळीत पसरा, पुढच्या ओळीची पात मागच्या ओळीच्या कांद्यावर येईल अशी. जानेवारीचं ऊन एप्रिलसारखं भाजत नाही, पण रात्रीचं दव तरी त्या पातीवर पडतं, कांद्यावर नाही. असा तीन दिवस राहू द्या.

पात कापताना घाई करू नका. कांद्यापासून अंगठ्याच्या पेराएवढी, म्हणजे इंचभर मान ठेवायची. मजूर उक्त्याने घेतले की बुडातून सपासप कापतात, कारण ते लवकर होतं. मी पहिल्या दिवशी स्वतः विळा घेऊन बसते आणि दोन पाट्या कापून दाखवते. कापल्यावर दहा-बारा दिवस सावलीत, हवेशीर जागी. प्लास्टिकचा कागद टाकून झाकू नका, आत घाम धरतो.

पिंपळगाव ते टोरंटो | १७ जानेवारी

मी मूळची पिंपळगाव बसवंतची. पंधरा वर्षं टोरंटोजवळ राहते आणि घरामागे चार वाफे कांदा करते. थंडीतल्या काढणीचा विषय निघाला म्हणून लिहिते.

इथे सगळं उलटं चालतं. रोप घरात फेब्रुवारी-मार्चमध्ये टाकायचं, मेमध्ये बाहेर लावायचं आणि ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीला काढायचं. जूनमध्ये दिवस पंधरा तासांच्या वर जातो. नाशिकला सर्वांत मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आत. इथल्या जाती तो मोठा दिवस मिळाल्याशिवाय कांदा धरत नाहीत. पहिल्या वर्षी माहेरच्या ओढीने लहान दिवसाची जात लावली, तर तिने लागलीच कांदा धरला आणि गोल्टीच्या (बारीक कांद्याच्या) वर काही वाढली नाही.

इथे खरी भीती दहिवराची, म्हणजे गोठलेल्या दवाची. उभी पात हलकं दहिवर सोसते, पण उपटून पसरलेला कांदा शून्याखाली गेला की संपलं. आतले पापुद्रे काचेसारखे पाणेरी होतात आणि आठवड्यात मऊ पडतात. म्हणून निम्म्याहून जास्त माना पडल्या की कोरडे दिवस बघून काढायचा. ऊन कमी आणि हवा दमट, त्यामुळे शेतात सुकत नाही. मी गॅरेजमध्ये जाळीवर एकथर पसरते, पंखा लावते आणि दोन-तीन आठवडे ठेवते. मान दाबली की कागदासारखी वाजली पाहिजे. ओल्या मानेतून शिरणारी बुरशी थंड, ओलसर प्रदेशातल्या कांद्याचा मोठा शत्रू आहे. वरून काही दिसत नाही, दोन महिन्यांनी चिरला की आत तपकिरी.

तुमच्याकडे थंडीच्या लाटेत निफाडात दव गोठल्याच्या बातम्या इथे वाचते. अशी रात्र येणार असेल तर उपटलेला कांदा उघड्यावर ठेवू नका. उभा असेल तर असू द्या, मातीत तो जास्त सुरक्षित आहे.

कादवाकाठ | १७ जानेवारी

ताई, खूप आभार. आज दहा ठिकाणी माना दाबल्या. सहा टणक, चार मऊ. कांदा चिरला तर आत हिरवी पात होती. सोमवारची टोळी सोडली, पाणी तोडलं. साठवणुकीचं कुणी सांगाल का?

चांदवडकर | १७ जानेवारी

रांगडा साठवायचा कांदा नाही. मान जाड, पत्ती कमी, आत पाणी जास्त. महिना-दीड महिन्यापुढे मी त्याचा भरवसा धरत नाही. शिवाय मार्चअखेरीस लासलगावला उन्हाळ कांदा यायला लागतो, मग चाळीतला रांगडा कोण विचारणार? पाच-सहा महिने चाळीत टिकतो तो उन्हाळ. एन-२-४-१ सारखी जात, वेळेवर तोडलेलं पाणी आणि साठ दिवसांनंतर युरिया अजिबात नाही, हे जमलं तर.

आणखी एक. चाळीत २५ ते ३० अंश असेल तर कांदा शांत राहतो. शीतगृहात शून्याजवळही शांत राहतो. मधल्या १० ते २० अंशांत त्याला कोंब सुटतात, आणि थंडीची लाट सोडली तर आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री बहुधा तिथेच असतात.

डेंगळे वेगळे काढा. डेंगळा मोडून कांदा सुधारत नाही, मधला दांडा लाकडासारखा होतो. जोड आणि डेंगळे पहिल्या ट्रॉलीतच जाऊ द्या. चांगल्या वक्कलमध्ये (लिलावाला एकत्र लावलेल्या मालात) मिसळलेत तर अख्ख्या वक्कलचा भाव पडतो.

रानवारा_सिन्नर | १८ जानेवारी

डेंगळे जास्त असतील तर रोपाचं वय आठवा. जाड, जून झालेलं रोप लावलं की थंडी लागताच डेंगळा निघतो. आमचं असंच झालं होतं. पुढच्या वर्षी रोप सहा-सात आठवड्यांचं असतानाच लावलं, फरक दिसला.

कादवाकाठ | ९ फेब्रुवारी

मंडळी, कळवायला उशीर झाला.

२५ जानेवारीला पुन्हा माना बघितल्या. दहापैकी आठ मऊ. एका एकरात ड्रम फिरवला, दुसऱ्यात मुद्दाम नाही. २८ ला दुसरी टोळी मिळाली, साडेदहानंतर काढणी. दुसऱ्याच दिवशी आभाळ आलं, म्हणून पात न कापता सगळा कांदा शेडखाली एकथर पसरला. घरचे सगळे रात्री अकरापर्यंत वाहत होतो. ड्रम फिरवलेल्या एकरातल्या माना दोन दिवस आधी सुकल्या, हे डोळ्यांनी पाहिलं. मान इंचभर ठेवूनच कापली, पहिल्या दिवशी आई विळा घेऊन बायकांसोबत बसली.

डेंगळे आणि जोड मिळून बारा-तेरा गोण्या निघाल्या, ते आधी दिले. रोपाचं वय वडिलांना विचारलं, साठ दिवसांच्या वर गेलं होतं. बाकी कांदा परवा लिलावात गेला. व्यापाऱ्याने मूठभर उचलून माना दाबून बघितल्या आणि काही न बोलता पुढचा आकडा बोलला. ज्यांनी सोमवारी काढला त्यातल्या एकाच्या शेडमध्ये कालपासून वास येतोय. त्यालाही हा धागा वाचायला दिलाय.

घरासाठी चार गोण्या ठेवल्यात, चाळीत नाही, माळ्यावर. उन्हाळच्या दीड एकराची लागण डिसेंबरअखेरची आहे. युरियाचा शेवटचा हप्ता ४५ व्या दिवशी देऊन थांबतोय.