प्रोपेलर शाफ्टचं ग्रीसिंग : एका क्रॉसच्या दोनच कपांतून ग्रीस येतंय

खडीवाहू_सातारा
सहाचाकी टिपर आहे, काम खडी-मुरुमाचं. शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, दोन तुकड्यांचा, मध्ये त्याला आधार देणारं सेंटर बेअरिंग. ग्रीसिंग आता स्वतःच करायचं ठरवलंय. हातपंप आणि लिथियम ईपी २ ग्रीस (ईपी म्हणजे जास्त दाब सोसणारं, २ हा घट्टपणाचा नंबर) आणलंय. गिअरबॉक्सकडचा आणि मधला क्रॉस (सांध्यातला चार दांड्यांचा तुकडा, प्रत्येक दांडीवर बेअरिंगचा कप) नीट ग्रीस घेतात. हाउसिंगकडच्या, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलकडच्या, क्रॉसच्या मात्र दोनच कपांतून ग्रीस बाहेर येतं, उरलेले दोन कोरडे. कितीही मारलं तरी तेच. स्लिप जॉइंटला (शाफ्ट लांब-आखूड होऊ देणारा सरकता सांधा) किती मारायचं? आणि सेंटर बेअरिंगला निपलच (ग्रीस भरायचं तोंड) दिसत नाही, ते कुठे असतं?

योक_आणि_फ्लँज
पंप मारणं आधी थांबवा. निपल एकच असलं तरी क्रॉसच्या आत चारही दांड्यांना भोक असतं आणि ग्रीस सोपी वाट धरतं. दोन कपांत जुनं ग्रीस सुकून घट्ट झालं असेल, तर पुढे कितीही मारा, बाकीच्या दोन सीलमधूनच वाहणार. निपलनं ग्रीस घेतलं म्हणजे काम झालं, असं समजू नका. चारही सीलमधून नवं, स्वच्छ ग्रीस दिसलं तरच तो क्रॉस ग्रीस झाला.

गाडी सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके, किल्ली खिशात. मगच खाली शिरा. निपल चिंधीनं पुसून घ्या, नाहीतर तोंडावरची माती ग्रीसबरोबर थेट कपातल्या सुयांत (बारीक रोलरांत) जाते. एकानं पंप सावकाश दाबायचा, दुसऱ्यानं शाफ्ट हातानं वर-खाली, डावी-उजवीकडे ढकलायचा. कोरड्या कपाच्या टोकाशी फट मिळाली की बरेचदा तिथूनही ग्रीस फुटतं.

तरीही नाही आलं, तर कप कसे बसवलेत ते बघा. बोल्टचे असतील तर कोरड्या कपाचे बोल्ट दीडेक मिलिमीटर ढिले करून ग्रीस मारा आणि पुन्हा मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. सर्क्लिपचे (खाचेत बसणाऱ्या रिंगचे) असतील तर फ्लँज (शाफ्टच्या टोकाची बोल्टची तबकडी) सोडून शाफ्ट खाली घ्या आणि क्रॉस हातानं फिरवून बघा. अडकत अडकत फिरत असेल तर ग्रीसनं तो सुधारणार नाही.

हायवे_मिस्त्री
स्लिप जॉइंटचं उत्तर मोजून देता येत नाही, बघून देता येतं. योकच्या (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्याच्या) टोकाला झाकण असतं, त्यात बारीक भोक. त्या भोकातून ग्रीस येईपर्यंत मारा. मग भोकावर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाला, स्प्लाइनच्या (सरकत्या दातांच्या) सीलपाशी ग्रीस दिसेपर्यंत थोडं थोडं मारा. भोक मातीनं बुजलं असेल तर आधी तारेनं मोकळं करा, नाहीतर दाबानं झाकणच उडतं. हवेच्या गननं हे हमखास होतं. स्लिप जॉइंटला हातपंपच बरा.

सेंटर बेअरिंग बहुतेक गाड्यांत सीलबंद असतं, म्हणून निपल नाही. त्याच्या रबराला ग्रीस आणि डिझेल दोन्ही लागू देऊ नका, रबर फुगतं. तिथे फक्त तपासायचं: रबराला चिरा, बेअरिंगचा घुंघुं आवाज, हातानं हलवल्यावर खेळ.

बाराटायर
व्हील बेअरिंगचं एमपी ३ (सर्वसाधारण कामाचं, ३ नंबरचं ग्रीस) उरलं असेल तर तेच मारा, काही होत नाही. उगाच दोन डबे कशाला?

योक_आणि_फ्लँज
होतं. ३ नंबरचं ग्रीस जास्त घट्ट, क्रॉसच्या बारीक वाटांतून सुयांपर्यंत नीट पोचत नाही. शिवाय त्यात ईपी असेलच असं नाही, आणि इथे भार झटक्यानं येतो. रंग बघूनही ठरवू नका, रंग कंपनी घालते. वेगळ्या साबणाचं (साबण म्हणजे ग्रीस घट्ट करणारा घटक, जसं लिथियम) ग्रीस एकत्र झालं तर पातळ होऊन वाहून जाऊ शकतं.

ग्रीसिंगची मुदत मॅन्युअलची, पण ती रस्त्यावरच्या गाडीची असते. खाणीत, चिखलात चालणाऱ्या टिपरला त्याच्या निम्मी धरा. पावसाळ्यात आणि प्रेशरनं धुतल्यावर लगेच मारा.

खडीवाहू_सातारा
शाफ्ट ढकलत मारलं. तिसऱ्या कपातून ग्रीस आलं. चौथ्यातून तांबूस भुकटी मिसळलेलं थोडंसं आलं आणि थांबलं. चालवावं का तसंच?

हायवे_मिस्त्री
नको. तांबूस भुकटी म्हणजे आत पाणी शिरून सुया गंजल्या. उघडल्यावर क्रॉसच्या दांडीवर सुयांच्या रेघा नखाला लागतील. पूर्ण किट (क्रॉस आणि चारही कप) घाला, एकच कप बदलू नका.

शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर रंगानं खूण करा. एक दात जरी चुकला तरी दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि वेग धरला की गाडी थरथरते. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या गाडीत शाफ्ट सुटला की तो ब्रेक निरुपयोगी, त्यामुळे गुटके काढायचेच नाहीत.

निपल पंपाचं तोंड पोचेल त्या बाजूला ठेवून क्रॉस बसवा. नव्या किटमध्ये ग्रीस फक्त गोदामात गंजू नये एवढंच असतं. तेव्हा बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, चारही सीलमधून बाहेर येईपर्यंत मारा.