मदत हवी आहे: स्प्रिंग एअर रायफलवर स्कोप मागे सरकतोय

.177 स्प्रिंग-पिस्टन रायफल, 11 मिमी डव्हटेल (स्कोप बसवायची खाचांची रेल), 3-9×40 स्कोप, स्कोप रेलवर धरणाऱ्या 1 इंची दोन सुट्या रिंगा. तीस-चाळीस छर्‍यांत मागची रिंग 2 मिमी मागे येते, रेलवर चकचकीत ओरखडा उमटतो. पिस्टन थांबताना रायफल पुढे झटका खाते, स्कोप जागीच राहू पाहतो, म्हणून हे होतं. रेल आणि तिला पकडणारे रिंगांचे जबडे थिनरने पुसून कोरडे केलेत. रिंगांच्या वरच्या टोप्यांचे स्क्रू तिरक्या क्रमाने 2 न्यूटन-मीटरपर्यंत आवळलेत. याहून जास्त आवळले तर स्कोपची नळीच चेपेल. थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) स्क्रू सैल होऊ देत नाही, पण घसरण थांबवत नाही.

रिसीव्हरवर (रायफलच्या मुख्य भागावर) स्टॉप पिन, म्हणजे माउंटची घसरण अडवणारी खिळी, बसवायला 3 मिमीचं स्टॉप-भोक आहे. स्टॉप पिनवाला अखंड माउंट (दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात) घेतला आणि त्याची पिन 2.5 मिमीची निघाली, तर ती भोकाच्या मागच्या कडेला टेकवूनच माउंट आवळायचा ना? की एवढ्या फटीनेही भोकाची कड झिजते?